इझोबेलचं माहेर

रविवारी दुपारी शेजारची ऍग्नेस कुंपणापलीकडून म्हणाली, "ह्यूला आता फार दिवस नाहीत. उद्या त्याच्याशी बोलायचंय, जे असेल ते सांगून टाकू." सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच चांगलं नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही टार्निटला राहतो, मेलबर्नचा लॉकडाऊन चालू आहे, पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. ऍग्नेस ऐंशी पार केलेली, एकटी. तिचा धाकटा भाऊ ह्यू पर्थला हॉस्पिसमध्ये, आणि त्या राज्याची बॉर्डर बंद... म्हणजे भेट होणार नाही हे दोघांनाही माहीत.

त्यांचे वडील मुलांना सांगायचे की आपण स्कॉटलंडमधल्या जमीनदार घराण्यातले. डोंगर, तळं, मेंढ्यांची कुरणं, दगडी मोठं घर, सगळं आपल्या पूर्वजांचं. स्वतः मात्र इथे ट्रामवर कंडक्टर. विशीतल्या ह्यूने एकदा भर जेवणात त्यांना थापाडे म्हटलं आणि घर सोडलं... वडील गेले तेव्हाही तो आला नाही.

आता मरताना त्याला एवढंच हवं होतं. बाप खोटं बोलत होता की नाही? "गोड करून सांगू नका," असं त्याने बजावलं होतं.

ऍग्नेसला कॉम्प्युटर जमत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. मी डेटा ॲनालिस्ट, दिवसभर दुसऱ्यांच्या डेटातल्या चुका काढते. म्हटलं, नो वरीज, त्यात काय एवढं. फुशारकी नडते ती अशी.

ऍग्नेसचे पणजोबा जहाजाने इकडे आले, इथपर्यंत सहज लागलं. त्यांच्या वडिलांचं नाव जॉन, आडनाव त्या जमीनदारांचंच... ते इथे मुद्दाम लिहीत नाही. चर्चच्या जुन्या नोंदींत जॉनच्या मुलांचे बाप्तिस्मे सापडले, आईचं नाव इझोबेल, आडनाव तेच. मी खूश.

पण जॉनचा जन्म कुठेच नाही. लग्नही नाही. हा गृहस्थ थेट मुलांचा बाप म्हणूनच उगवला होता.

दुसरीकडून इस्टेटीची वंशावळ खाली उतरवत आणली, बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. आमच्या घरच्या कुलवृत्तांतात असंच असतं, मुलींच्या नावापाशी थांबायची सवयच नाही. शेवटच्या जमीनदाराचा एकुलता एक मुलगा लहानपणीच गेलेला... तिथे रेघ संपली. वर, नोकरचाकरही मालकाचं आडनाव लावायचे असं कुठेतरी वाचलं. म्हणजे जॉन तिथला चाकर असणार, आणि वडील थापाडेच ठरणार. हे मी मरणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू?

त्या रविवारी संध्याकाळी आईचा चिपळूणहून व्हिडिओ कॉल आला. माझं तोंड बघून तिने विचारलं, मी वैतागून सगळं ओकले. आई कोथिंबीर निवडत ऐकत होती. म्हणाली, "अगं, दत्तक घेतला असेल. मुलगा गेल्यावर लोक काय करतात?"

मी ताडकन उठले. मागच्या अंगणात मिल्क क्रेटवर चढून ऍग्नेसला हाक मारली. तिने मान हलवली. "आमच्याकडे असं दत्तक घेत नसत." झालं... तेही गेलं.

मी काढलेला वंशावळीचा तक्ता तिने कुंपणावरून हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "इझोबेलला तू आमचं आडनाव का लावलंस?"

"मी कुठे लावलं, नोंदीतच आहे. लग्नानंतरचं."

"स्कॉटलंडमध्ये बायका नोंदीत बापाचंच आडनाव लावायच्या. माझ्या आजीच्या थडग्यावरसुद्धा तिच्या माहेरचंच आहे."

बायकोला नवऱ्याचं आडनाव, यात मला आजवर काही विचारण्यासारखं वाटलंच नव्हतं.

मग जॉनचा नाद सोडून इझोबेलला शोधलं. अर्ध्या तासात सापडली... त्याच दगडी घरात जन्मलेली, जमीनदाराची मुलगी. तिचं लग्नही सापडलं, नवरा जॉन, पण आडनाव भलतंच. भाऊ गेल्यावर इस्टेट तिच्याकडे आली, आणि घराण्याचं नाव टिकावं म्हणून नवऱ्यानेच तिचं आडनाव लावलं. आईला मेसेज केला, तिचं एका शब्दात उत्तर, "घरजावई."

सोमवारी ऍग्नेसच्या पोर्चवर लॅपटॉप ठेवून ह्यूला व्हिडिओ कॉल लावला आणि मी मास्क लावून लांब उभी राहिले. बाप खरा ठरला, म्हणजे ह्यू चुकला होता... आणि माफी मागायला बाप राहिला नव्हता. हे त्याला सोसेल का?

मी सगळं सांगितलं. इझोबेल, तिचं घर, आणि पणजोबा धाकटे म्हणून जमीन थोरल्याला गेली, तेव्हा ते इकडे आले. शेवटी म्हटलं, "तुमचे वडील खरं बोलत होते."

ह्यू हललाच नाही. मला वाटलं नेट गेलं. मी पुढे होऊन बघणार, तेवढ्यात त्याचे ओठ हलले. "सॉरी, डॅड."

आमच्याकडे तो बघतच नव्हता. ऍग्नेस हळूच म्हणाली, "त्यांनी ऐकलं, ह्यू." त्याने डोळे मिटले. किती वर्षांनी चेहरा असा सैल पडला असेल देव जाणे... मला रडू आवरेना.

इझोबेलबाई, तुमच्या नावावरून मी इतके दिवस सरळ पुढे जात होते. तशीच गेले असते, तर एक म्हातारा मुलगा बापाची माफी मागायचा राहून गेला असता.