दोन नंबर लहान बूट

“ही बघा, बदकाची पावलं!”

बाई ओरडल्या आणि अख्खा वर्ग हसला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वसईतली शाळा, पहिलीचा वर्ग. वर्गाच्या बाईच कवायत घ्यायच्या. त्यांनी व्हरांड्यात पाण्याची बादली ठेवलेली. एकेकाने पाय बुडवायचा, कोरड्या लादीवर ठेवायचा. ज्याच्या ठशाला मधे खाच, म्हणजे तळव्याला कमान, तो संचलनात. माझ्या ठशाला खाच नव्हती. अख्खा तळवा उमटला, बोटं फाकलेली.

“मिठागरातले पाय. माणसांचे असे नसतात.”

माझे आईबाप मिठागरात खपायचे. खाऱ्या चिखलात, अनवाणी. मीही तशीच वाढले.

माझ्यामागे बिल्डिंगमधला एक मुलगा होता. त्याचाही ठसा सपाट. त्याला बाई म्हणाल्या, “लहान आहे अजून. येईल कमान.”

तोही सहाचा. मीही सहाची.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या मुलीचे जुने बूट आणले. काळे, टोकाला निमुळते. “हे घाल. पाय वळणावर येतील. अनवाणी वर्गात यायचं नाही.”

बूट दोन नंबर लहान.

“बाई, लागतात.”

“सवय नाही तुम्हा लोकांना.”

दीड वर्ष घातले. अंगठा शेजारच्या बोटावर चढला. करंगळी आत दुमडली. एक नख काळं पडून गळालं. आई संध्याकाळी खोबरेल लावायची, एकेक बोट ओढून सरळ करायची. सकाळी तेच बूट परत चढवायची. मी रडायचे, तीही रडायची. शाळा सांगते म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटायचं. माझ्या आईच्या हातून करवून घेतलं त्यांनी. याचा राग आजही आवरत नाही.

दुसरीत सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मुलं तपासायला आले. माझे बूट काढायला लावले. बोटं बघून थांबलेच.

“कुणी घातले हे?”

मी बाईंकडे बघितलं.

“अहो बाई, लहान मुलांचा तळवा सपाटच असतो. कमान वाढत्या वयात येते. अनवाणी चालून हिचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते या बुटांनी.”

बाई हसल्या. “आम्ही तर दयाच केली.”

दया!

मी बूट उचलले. बाईंच्या टेबलावर, हजेरीपुस्तकावर ठेवले. म्हणाले, “तुमच्या मुलीला द्या.”

डॉक्टर गेल्यावर छडी पडली. मला वर्गाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी अनवाणीच गेले. परत बाहेर. तिसऱ्या दिवशी आई कामावरून तशीच उठून आली. पोटऱ्यांवर मीठ वाळलेलं. सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली.

“माजे पोरीला आत बसवा. नाय तं मी पन हितंच बसतंय. कोनी उठवतं बघू.”

बसवलं मला. माफी कुणी मागितली नाही. बोटं सरळ झाली नाहीत.

परवा शाळेचं पत्र आलं. वर्धापनदिनाला माजी विद्यार्थिनी म्हणून गोड आठवणी सांगा. त्याच कार्यक्रमात बाईंचा सत्कार आहे. नवरा म्हणाला, “जाऊ दे ना. म्हाताऱ्या झाल्यात आता.”

नाही जाऊ देणार. मी माईक घेणार. शाल त्यांच्या खांद्यावर असतानाच, त्यांचं नाव घेऊन, झालं ते सगळं सांगणार. कुणी माईक बंद केला, तर ओरडून सांगेन.