बोटातलं चुंबक

माझा हात लवकर उठतो, हे मी कुठेच नाकारत नाही. माझा मोठा भाऊ शेजाऱ्याच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या कडेच्या, विजेच्या तारेला चिकटून गेला, त्या दिवशी मी शेजाऱ्याच्या तोंडावर मोटारीचा पाना घातला. दोन दात पडले, जबडा सरकला. लोकांनी मला ओढून काढलं नसतं तर तो उरला नसता, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नसतं.

आमच्या सिंदेवाहीकडच्या गावांत धानात दाणा भरायला लागला की रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरतात आणि उभं पीक लोळवून जातात. म्हणून लोक धुऱ्यावर खुंट्या ठोकून उघडी तार ओढतात. दिवस बुडताना विजेच्या खांबावर आकडा टाकायचा, उजाडलं की काढायचा. तार तिथेच राहते. हा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आकडा काढायचा राहिला तर डुकराऐवजी माणूस मरतो, हेही ठाऊक आहे.

मी जळालेल्या पंपांचं वाइंडिंग करतो. दादा गेल्यापासून तारेजवळ नेला की माझा हात थरथरायचा. मेकॅनिकचा हात थरथरला की त्याला कोण बोलावणार? मग एकदा मोबाइलवर पाहिलं, काही लोक बोटाच्या टोकात तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक बसवून घेतात आणि चालू वायर जवळ आली की त्यांना बोटात गुणगुण जाणवते. मला दुसरं काही सुचेना. हे आपल्या बोटात असलं तर तार आपल्याला फसवणार नाही, एवढंच डोक्यात बसलं.

नागपूरला एका टॅटू काढणाऱ्यानं ते बसवलं. बधिर करायचं इंजेक्शन देता येत नाही म्हणाला, आणि माझं बोट बर्फाच्या पाण्यात धरायला लावलं. मग डाव्या अनामिकेच्या कडेला ब्लेड चालवलं, आत बोथट सळई घालून मांस उचकटलं आणि चुंबक लोटलं. मी त्याला आईवरून शिव्या दिल्या, पायाखालचं स्टूल लाथेनं उडवलं. त्यानं शांतपणे दोन टाके घातले. त्याला सवय असावी.

गावी आलो तर रोवणी, धानाची लावणी, सुरू झालेली. बोट वांग्यासारखं सुजलं, नख काळं पडलं, आत घण घातल्यासारखं ठणकायचं. हात चिखलात घालायचा नाही, म्हणून सगळी रोवणी बायकोनं एकटीनं वाकून केली. आल्यावर उकळलेल्या पाण्यानं माझी पट्टी बदलायची. एकदा पट्टी जखमेला चिकटली होती, तिनं ओढली, आणि मी समोरचं ताट भिंतीवर मारलं. तिनं भात गोळा केला आणि पुन्हा पट्टी बांधायला बसली. त्याची मला आजही लाज वाटते.

सूज उतरायला महिना गेला. एके दिवशी ती मिक्सरवर मिरची वाटत होती, मी हात पुढे केला आणि बोटाच्या आत काहीतरी थरारलं. मी वेड्यासारखा हसलो. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा मला निर्धास्त वाटलं.

त्यानंतर मी मिरवायला लागलो. टपरीवर लोक माझे डोळे बांधून चालत्या पंपाची केबल हाताजवळ आणायचे, मी बरोबर ओळखायचो. माझे बाबा बाजूला बसून बघायचे. मोठा मुलगा गेल्यापासून ते कोणाशी बोलत नव्हते, पण माझ्या बोटाचं कौतुक येईल त्याला सांगायचे.

दसरा झाला, धान भरलं. एका सकाळी मी, बायको आणि दादाचा कुत्रा बांधीकडे निघालो. मला तिकडूनच एका पंपावर जायचं होतं, अवजारांची पिशवी खांद्याला होती. बघतो तर आमच्याच धुऱ्यावर नवी तार. माझं डोकं फिरलं. बायको अनवाणी होती, ती थांबली.

"टेस्टर लावा ना जी आधी," ती म्हणाली.

टेस्टर पिशवीत होता. मी बोट तारेपासून दोन बोटांवर धरलं. आत काही हललं नाही. बंद आहे, चल, असं मी सांगितलं. तिनं पाय उचलला, तेवढ्यात कुत्रा तिच्या पुढून तारेखाली शिरला. पाण्यातून आला होता, अंग ओलं होतं. एकदाच केकाटला, धनुष्यासारखा वाकला, खुंटी उखडली आणि तार बांधीच्या पाण्यात पडली. तेव्हा माझं बोट गुणगुणलं. कधी नव्हे इतकं जोरात, त्याचे पाय झाडणं थांबल्यावरही.

मी बायकोला वेणीला धरून मागे फेकलं. मग वाळलेल्या बांबूनं आकडा पाडला.

चुंबकाला कळतो तो वाहणारा करंट. पंप चालू असला तर वायरमधून वाहतो. धुऱ्यावरची तार विजेनं भरलेली असते, पण कोणाचं अंग लागेपर्यंत तिच्यातून काही वाहत नाही. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षी शिकवतात, आणि मी ते शिकलो होतो. दादाच्या वेळी हे बोट असतं तर तेही तो मरत असतानाच वाजलं असतं.

बाबा पळत आले. तार त्यांनी लावली होती. ज्या तारेनं पोरगा गेला तसलीच तार, आपल्याच बांधीत. मी पाना काढून त्यांच्यावर उगारला. ते हलले नाहीत.

"तू येनार होता म्हनून मी आकडा काढाची घाई नाई केली," ते म्हणाले. "तुह्या बोटाले त समजतेच ना."

मी डावा हात धुऱ्यावरच्या दगडावर ठेवला आणि पाना त्या बोटावर घातला. दोनदा. नख उडालं, हाड मोडल्याचं ऐकू आलं. बायकोनं पाना हिसकला आणि पदर फाडून बोट आवळलं. या वेळी मी तिच्यावर ओरडलो नाही.

बाबा कुत्र्याजवळ गेले. त्याच्या मानेखालची तार काढायला वाकले आणि तसेच थांबले. आकडा जमिनीवर पडलेला त्यांना दिसत होता.

"टेस्टर लाव बरं आधी," ते म्हणाले.

मी उजव्या हातानं पिशवीतून टेस्टर काढला.