पाचवा दिवा आणि उलटं बोट

त्या काळी माझा एकच नियम होता: राग आला की पत्रक, आणि राग उतरायच्या आत छपाई. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावात कॉलेजात होतो, मेहरूणला राहत होतो. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना संध्याकाळची एस.टी. का नाही, या प्रश्नावर आमचं पथक खानदेशभर गाणी म्हणत फिरायचं. बाजाराला आलेली माणसं अंधारात डोंगरापर्यंत पायी जायची आणि एस.टी.चे साहेब म्हणायचे, "प्रवासीच नाहीत." गाडीच नाही तर प्रवासी कुठून येणार! असो. तो राग अजून गेलेला नाही.

पथकात माझा मित्र हवाईयन गिटार वाजवायचा. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडी सरकवत. तिचा अ‍ॅम्प्लिफायर शिंदखेड्याकडच्या एका बंद पडलेल्या तंबू टॉकीजमधला, व्हॉल्व्हचा. मागची जाळी काढली की काचेचे पाच व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले दिसायचे. लोक मशीनची पत त्यावरूनच ठरवत. "पाच दिव्यांचा शे!" आम्हीही ते ऐटीत सांगायचो.

धुळ्याचा कार्यक्रम आठवड्यावर आला तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर नानांकडे दुरुस्तीला होता. नाना म्हणजे पिंपळाखाली रेडिओ दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर. मी सहज डोकावलो. नाना समोर चहाला गेलेले, मशीन टेबलावर पेटलेलं. मोजले. चार! पाचव्याची जागा रिकामी.

विचारलं का? छे. सरळ छापखाना गाठला. "पाचवा दिवा कुणी चोरला?" मथळ्याच्या दोन्ही बाजूंना बोट दाखवणारे हात. खाली जनतेच्या वाद्यावर डल्ला वगैरे. नानांचं नाव घातलं नव्हतं. पण "पिंपळाखालचा रेडिओवाला" असं लिहिल्यावर नाव कशाला लागतं? संध्याकाळी भर बाजारात वाटून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी मित्र तणतणत आला. "ए शहाण्या, तो व्हॉल्व्ह मीच काढायला सांगितला होता! आज सकाळी शाळेतले गुरुजी दुरुस्तीला टाकलेला रेडिओ उघडा तसाच पिशवीत घालून घेऊन गेले. दुपारपर्यंत नानांकडे कुत्रं फिरकलं नाही. आता नाना मशीन द्यायला तयार नाहीत."

मी मान खाली घालून दुकानात गेलो. नानांनी अख्ख्या जळगावात फिरलेलं ते पत्रक माझ्यासमोर धरलं. "बठ्ठं जयगाव वाची ऱ्हायनं. तुले दिवे मोजता येतस, सर्किट वाचता येस का?"

"नाही, नाना."

"मंग बस."

त्यांनी मशीन उपडं केलं आणि शिकवायलाच घेतलं. अगदी जुन्या मशीनला आवाजाचा एकच मोठा व्हॉल्व्ह असायचा. एकट्या माणसानं करवत ओढावी तसा तो दमायचा. मग दोन बसवायला लागले, समोरासमोर बसून लाकूड कापणाऱ्या आराकसांसारखे. एकानं ओढायचं, तेव्हा दुसऱ्यानं सैल सोडायचं. आमचं मशीन त्या पिढीतलं. पण ते भाषणासाठी केलेलं. गिटार त्यात मिणमिणायची. म्हणून नानांनी एका छोट्या व्हॉल्व्हचा वापरात नसलेला अर्धा भाग कामाला लावला आणि आवाज आणखी एक पायरी चढवला. राहिला पाचवा. तो आवाज वाढवतच नव्हता. उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला लावायची, एवढंच त्याचं काम. त्यातही वाटेतली थोडी तो स्वतःच खायचा. मित्रानं जोरात तार छेडली की वीज अपुरी पडून सूर बसायचा. आता तेच काम साळीच्या दाण्याएवढे दोन डायोड करत होते.

"माफी छापतो, नाना."

"माफी कोण वाचस? सर्किट छाप."

छापखान्यात सर्किटाचा ब्लॉक कुठला असणार! खिळे जुळवणाऱ्या दादांनी डोकं खाजवलं आणि कप्पे उपसले. व्हॉल्व्हला शून्य. कंडेन्सरला दोन उभे दंड, श्लोकाच्या शेवटी येतात ते. तारांना रेघा. आणि डायोडला? डायोड एकाच दिशेला वाट देतो, म्हणून माझेच ते बोट दाखवणारे हात. "तुझ्या पत्रकात पहिल्यांदाच बोट कामाला आलं," दादा म्हणाले.

मी खुशीत सगळा गठ्ठा छापून घेतला आणि नानांपुढे टाकला. कच्चा कागद आधी त्यांना दाखवावा, हे तेव्हाही सुचलं नाही. नानांनी चष्मा सावरला.

"हे खालचं बोट उलटं शे. असं जोडशील तं ट्रान्सफॉर्मर जळी जाई."

"नाना, कोण बघतंय?"

"परवा चार दिवे कोण देखी ऱ्हायंतं?"

दोन दिवस मी त्यांच्या बाकावर बसून प्रत्येक कागदावरचं बोट खोडून शाईनं सरळ करत होतो. शेवटचा कागद तपासल्यावरच नानांनी मशीन बाहेर काढलं, आणि धुळ्याला ते स्वतः सोबत आले. मशीनला नवीन दुसरं बटण होतं. डायोड लगेच जोराची वीज सोडतात, म्हणून आधी व्हॉल्व्ह तापू द्यायचे. किती वेळ? नानांची एक बिडी संपेपर्यंत. मी माइकपुढे खोळंबलेला.

"काय भाऊ, मुहूर्त काढी ऱ्हायनात का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

नानांनी थोटूक विझवलं, बटण दाबलं. मित्रानं दांडी सरकवली. या वेळी सूर बसला नाही. मंडपाच्या टोकापर्यंत ताठ गेला आणि तिथंच लांबत राहिला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. माझं भाषण कुणाला आठवत नाही, आणि आठवावं असं नव्हतंही. सर्किटाची पत्रकं मात्र लोकांनी मागून नेली.

जळगावला परतलो, तर दुकानाच्या पायरीवर गुरुजी बसलेले. मांडीवर पिशवी, पिशवीत उघडा रेडिओ, हातात पत्रक. नानांच्या नजरेला नजर न देता त्यांनी रेडिओ टेबलावर ठेवला.

"याचंही असं सर्किट छापून मिळेल का हो?"

नानांनी हसत स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि मान माझ्याकडे वळवली. "छापानं ह्याले सांगा, गुरुजी. मी नुसता दुरुस्त करस."