अप्पांच्या तिघी

अप्पांसमोर कुणी देवीचं नाव घेतलं की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "आणि बाकीच्या दोघी?" गिरगावातल्या छापखान्यात ते प्रुफं वाचत. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं घेऊन मी तिथेच पडीक असे. माझा शब्द न् शब्द पेटलेला. अप्पा मात्र शांतपणे उद्गारचिन्हं खोडत आणि आपल्या विषयाकडे वळत. जगभर देवी तिघीच का, हा त्यांचा ध्यास.

ग्रीकांच्या तिघी त्यांच्या विशेष लाडक्या. एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी मोजते, तिसरी तोडते. हे त्यांनी डिलाईल रोडला घरी सांगितलं, तेव्हा गिरणीत वाइंडिंग खात्यात असलेल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, विचारलं होतं, "तिघीच? आणि मुकादम खंय होतो?" अप्पा हे स्वतःच हसून सांगत.

तिघींचा उगम त्यांना सापडला तो रे रोडला, लाकडाच्या वखारींमागच्या तीन शेंदरी दगडांपाशी. यांतली थोरली कोण, असं त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या कोळणीला विचारलं. ती म्हणाली, आधी एकच होती. तिनं ऐकलं नाही म्हणून कुणा बाईनं दुसरी मांडली, तिनंही ऐकलं नाही म्हणून तिसरी.

"पोथ्यांत ती शक्तीची रूपं आहेत रे," अप्पा मला म्हणाले. "मुळात प्रत्येक देवी म्हणजे आधीचीनं न ऐकलेलं मागणं."

देव माणसानंच केले, यावर पत्रक काढू, असं मी म्हटलं. काढ, ते म्हणाले, पण मागणाऱ्या बाईला काय सांगशील तेही लिही. ते मला लिहिता आलं नाही.

मग मोर्च्यावर गोळीबार झाला. त्यांचा मुलगा सदू आमच्याच जथ्यात होता. गोळी त्याच्या पोटात लागली. इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टर आमची नजर टाळू लागले, तेव्हा काकी ओटीचं सामान घेऊन अप्पांसमोर उभ्या राहिल्या.

"तुमका त्यांचा सगळा ठाऊक. मग सांगा, तिघींतली खंयची ऐकता?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"तिसरी," ते म्हणाले.

काकी रे रोडला गेल्या. त्या परत यायच्या आत सदू गेला. त्या आल्या त्या जवळजवळ धावतच, कपाळभर शेंदूर घेऊन. फूल उजवीकडे पडलं होतं.

"उजवो कौल दिल्यान," त्या म्हणाल्या. "पोरगो वाचतलो माझो."

अप्पांनी त्यांचा हात धरला.

"बस," एवढंच ते म्हणत राहिले. "तू आधी बस."