मोठ्या मेहेरची वाट

शालनमावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वारणानगरला आईकडे होते. संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि आई उरलेल्या तिळाच्या वड्या डब्यात भरत होती. फोन मावशीच्या शेजारणीचा होता. "ताई, मावशी उठंनाच झाल्यात बघा. डॉक्टर येऊन गेले... तुम्ही या." मी फोन ठेवला. आईला कसं सांगावं याचा विचार करायची वेळच आली नाही, माझ्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं होतं. हातातली वडी तिनं डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, "अजून मेहेर झाला न्हाय की." मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या वाक्याचा अर्थ आमच्या घराबाहेर कुणाला लागायचा नाही. शालन ही माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण, आणि या दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. किती वर्षं, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. माझ्या लग्नात दोघी मांडवाच्या दोन टोकांना बसल्या होत्या आणि आता माझ्या थोरलीला स्थळं यायला लागली आहेत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

माहेर गारगोटीजवळच्या एका खेड्यातलं. आई लग्न होऊन वारणानगरला आली, वडील साखर कारखान्यात होते. मावशीनं लग्न केलं नाही. ती नर्सिंग शिकायला पुण्याला गेली आणि नोकरीही तिकडंच धरली. आज्जी आजारी पडली तेव्हा तिचं सगळं आईनं केलं. मावशीला रजा मिळाली ती एक दिवस उशिरा. ती दारात आली तेव्हा आज्जीला न्यायची तयारी चालली होती आणि भावकीतली सगळी माणसं जमली होती. तेवढ्या माणसांत आई म्हणाली, "दुनियेच्या आयांचं केलंस की गं. आपल्या आईच्या तोंडात पाणी घालायला तेवढी आली न्हाईस." मावशी काही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. आईचा स्वभाव तापल्या तव्यासारखा, चटका देऊन मोकळा. मावशीचा तसा नव्हता. तिनं तो चटका जपून ठेवला.

पुण्यात मावशी फ्रेनीबाई नावाच्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंच्या घरी खोली घेऊन राहायची. पारशी महिन्यातल्या तिसाच्या तीस दिवसांना नावं असतात. त्या दिवसाला ते 'रोज' म्हणतात आणि प्रत्येक रोजाची एक देवता असते. पाण्याची आवां, अग्नीची आदर, चंद्राची मोहोर, वाऱ्याची गोवाद, जमिनीची जमियाद. फ्रेनीबाईंनी यावरून आपलं स्वतःचं एक ज्योतिष बसवलं होतं. त्यांच्या धर्मगुरूंनी ते ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता, असं मावशीच हसत सांगायची. बाईंचं म्हणणं एवढंच होतं की, माणसाला जमीनजुमला बापाकडून मिळतो, पण रुसायची, धरून ठेवायची, माफ करायची रीत आईकडून येते. म्हणून कुंडली मांडायची ती एकटीची नाही. आईची, तिच्या आईची, तिच्याही आईची... सगळ्यांची एका ओळीत मांडायची.

निवृत्त झाल्यावर मावशी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत दोन खोल्या घेऊन राहिली आणि हे ज्योतिष तिनं कोल्हापूरला आणलं. इथं पहिलीच अडचण आली. आपल्या आज्ज्यांना जन्मतारीख कुठली असायला! मावशीनं त्यावर तोड काढली. ती बायांना विचारायची, "तुझी आई जन्मली तवा घरात काय चाललंतं?" कुणी सांगायची, पंचगंगेला पूर आलता. मग ती आवां. कुणी म्हणायची, चूल पेटत नव्हती म्हणून सगळी ओरडत होती. मग ती आदर. मावशी फरशीवर रांगोळीनं एकाखाली एक गोल काढायची, गोलात त्या त्या रोजाची खूण भरायची आणि मग गप्प बसून त्या ओळीकडं बघत राहायची. समोरची बाई आपणहून बोलायला लागायची. पैसे ती घेत नसे. चहा मात्र पाजल्याशिवाय सोडत नसे. शास्त्र म्हणून त्यात काय तथ्य होतं, मला माहीत नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या फरशीवर बसून आईबद्दल रडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि जाताना त्यांचे खांदे सैल झालेलेही पाहिले आहेत.

आमची ओळ तिनं माझ्यासमोर एकदाच मांडली. पणजी पुरातली, म्हणून पाणी. आज्जी चुलीपाशी जन्मलेली, म्हणून अग्नी. आई पुनवेची, म्हणून चंद्र. आणि स्वतः मावशी, जिच्या जन्माच्या दिवशी वावटळीनं गोठ्याचे पत्रे उडवले होते, ती वारा. "बघ वैशे," मावशी म्हणाली, "पणजी तिच्या भणीशी बोलायची न्हाय. इहिरीच्या पाण्यावरनं. आज्जी तिच्या भणीशी बोलायची न्हाय. लग्नातल्या मानाच्या साडीवरनं. आता आम्ही दोघी. पाणी, आग, चांदणं, वारा... एक तरी हातात ठरतंय का? ह्या ओळीत मातीची कोण न्हायच." मग तिनं आई आणि स्वतःच्या खाली एक गोल काढला, त्यात माझं नाव घातलं. मला बहीण नाही, म्हणून मी सुटले. पण माझ्या खाली तिनं दोन गोल काढले, माझ्या दोन मुलींचे, आणि त्यांच्यात काही भरलंच नाही. हात तसाच वर धरून बसली. "ह्या दोघींत न्हाय यायचं हे," म्हणाली. "ही ओळ मी मोडतो." कोल्हापूरच्या बायका 'मोडते' म्हणत नाहीत. तिच्या तोंडचं ते 'मोडतो' मला अजून ऐकू येतं.

हे मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. "मातीची न्हाय म्हणती व्हय?" ती म्हणाली. "सगळ्या मातीतच जाणार हाईत. तवा हुतील मातीच्या." आणि वर, "रक्तातच हाय म्हटल्यावर कोण काय करणार?" तिला ते बरंच वाटलं असावं. भांडण आपण केलं नाही, ते पणजीपासून चालत आलंय, म्हटल्यावर मोडायची जबाबदारीही आपली उरत नाही. रोगाला नाव मिळालं आणि आम्ही त्या नावालाच औषध समजून बसलो.

तरी दोघींत काहीच येणं-जाणं नव्हतं असं नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आई कांदा-लसूण मसाला करायची आणि एक चिनीमातीची बरणी भरून माझ्या पिशवीत ठेवायची. कुणासाठी, ते सांगायची नाही. मी ती आधी पुण्याला आणि नंतर मंगळवार पेठेत पोचवायचे. मावशी बरणी घ्यायची, झाकण उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "खोबरं जास्त भाजलंय तुझ्या आईनं." पावसाळा सरला की बरणी धुऊन परत यायची. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून तिच्यात साखर किंवा खारका असायच्या. आई साखर डब्यात ओतायची आणि म्हणायची, "बारीक आणलीया." एवढंच त्यांचं बोलणं. निम्मं आयुष्य त्या दोघी एका बरणीतून बोलल्या.

दोन वर्षांपूर्वी मावशीनं माझ्याकरवी निरोप धाडला : मेहेर रोजाला येते. मेहेर हा दिलेल्या शब्दाचा, दोस्तीचा, उजेडाचा दिवस. महिन्याचं नावही मेहेर आणि दिवसाचंही मेहेर असा दिवस वर्षातून एकदा येतो, आपल्या शिवरात्रीच्या आगेमागे. त्याला मावशी मोठा मेहेर म्हणायची. मी म्हटलं, "मावशी, संक्रांतीला का जात नाहीस? तिळगूळ द्यायचा, गोड बोलायचं, सोपं आहे." तर म्हणाली, "संक्रांतीला सगळं जगच गोड बोलतंय. त्याला काय किंमत?" मुहूर्त शोधणाऱ्या माणसाशी वाद घालू नये हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्या मेहेरला ती खरंच गेली. आईनं सकाळपासून पुरण शिजवलं, उंबऱ्यावर रांगोळी घातली आणि दारात खुर्ची टाकून बसली. मावशी एसटीनं वारणानगरच्या स्टँडवर उतरली आणि तिथल्या बाकावर बसली. आक्का न्यायला येईल असं तिला वाटलं. आईला वाटलं, निरोप धाडलाय तर दारापर्यंत येईल. स्टँड ते घर, चालत जायचं म्हटलं तर पान खाऊन संपायच्या आत माणूस पोचतो. दुपार कलली तेव्हा मावशी आल्या वाटेनं परत गेली. संध्याकाळी मी दोघींना फोन केले. मावशी म्हणाली, "पावण्यागत दारात जाऊन हुभं ऱ्हायचं व्हय मी? धाकटी हाय मी तिची." आई म्हणाली, "दार सताड उघडं हुतं की. आनि काय करायचं, पायघड्या घालायच्या?" पोळ्या दुसऱ्या दिवशी कॉलनीत वाटल्या. पुढच्या मेहेरला मावशी तापानं आजारी होती. मग म्हणाली, यंदाचा चुकवत न्हाय. आईनंही यंदा मला विचारलं होतं, सहज विचारल्यासारखं, "कवा हाय गं ते तिचं?" यंदा ती स्टँडवर जाणार होती. तोंडानं बोलली नाही, पण नवी चप्पल आणून ठेवली होती.

आणि मेहेरच्या आधीच मावशी गेली.

मोठा मेहेर मग आपल्या वेळेला आलाच. त्या दिवशी पुण्याहून वारणानगरला रोशनबाई आल्या, फ्रेनीबाईंची मुलगी. त्याही आता सत्तरीच्या पुढच्या. मावशीनं त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं की यंदा मी आक्काकडे जाणार, म्हणून मावशीच्या ऐवजी त्या आल्या. आईनं त्यांना चहा दिला, पाट दिला. थोड्या वेळानं आई म्हणाली, "वर्सातनं योकच दिस येतुया मेहेरचा, त्यो बी देवानं न्हाय दिला." रोशनबाई गोंधळल्या. "एक दिवस? नाय बाई, मेहेर रोज तर दर महिन्याला येते! सोळावा दिवस. हा मोठा, बाकीचे साधे. पण मेहेर तो मेहेर. मम्मा तर सांगायची, लहान मोठा कशाला बघायचा, जायचं नी बोलायचं." आईनं कप खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "शालीला ठावं हुतं हे?" रोशनबाई म्हणाल्या, "तिला नाय तर कोणाला?"

मी आईकडं बघू शकले नाही. मावशीला ठाऊक होतं. दर महिन्याला तो दिवस तिच्या दारावरून जात होता आणि ती त्याला साधा म्हणून सोडून देत होती. मी पुष्कळ विचार केला, का? मला वाटतं, साध्या दिवशी जायचं म्हणजे साधं माणूस म्हणून जायला लागलं असतं, नुसती चुकलेली, दमलेली धाकटी बहीण म्हणून. त्याला धीर लागतो. सणाच्या दिवशी सण आपल्या पुढं चालतो. हे मला तिला सांगता आलं असतं तर... पण तीसुद्धा ऐकणाऱ्यातली नव्हती. आई एवढंच म्हणाली, "म्हंजे दर म्हैन्याला येत हुता त्यो दिस. आनि मी इच्यारलं सुदिक न्हाय." माझ्या आईला मी चूक कबूल करताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ऐकायला ज्या बाईनं असायला हवं होतं ती नव्हती. फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

मावशीची खोली आम्ही दोघींनी आवरली. आई त्या घरात पहिल्यांदाच येत होती. तिनं भिंतीवरची खुंटी, काचेच्या पेल्यातला तेलाचा दिवा, रांगोळीचा डबा, सगळ्याला हात लावून बघितलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर मसाल्याची बरणी होती. स्वच्छ धुतलेली, साखरेनं काठोकाठ भरलेली, वर फडकं बांधलेलं. बरोबर न्यायचीच म्हणून बांधून ठेवलेली होती. आईनं फडकं सोडलं, चिमूट तोंडात टाकली. यावेळी साखर बारीक आहे की जाड, काही म्हणाली नाही.

परवा मी वारणानगरला गेले, तेव्हा अंगणात उरलेल्या मिरच्या वाळत होत्या. मसाला झाला होता, घरभर वास होता. मुली बरोबर होत्या आणि कशावरून तरी सकाळपासून दोघींचं बोलणं नव्हतं. आई नेहमीसारखी कामात होती. निघताना तिनं बरणी पुसली, मसाला दाबून भरला, फडकं बांधलं आणि माझ्या पिशवीत ठेवली. आणि आजवर कधी म्हणाली नव्हती ते म्हणाली, "शालीला दे. म्हणावं खोबरं कमी भाजलंय औंदा. म्हणावं, मी..."

तिथं ती थांबली. हात पिशवीतच होता. मग तिनं माझ्या दोन्ही मुलींना जवळ बोलावलं, पिशवीचा एक बंद थोरलीच्या हातात दिला, एक धाकटीच्या. "दोघी मिळून न्या," म्हणाली. "आनि परत आणताना रिकामी आणू नगा."