मूळ प्रत घरी आहे

आमच्या घरात जहाजातून प्रवास केलेली माणसं चार आहेत, आणि ‘आपल्याला उतरता येणार नाही’ असं जहाजावर ऐकून घेतलेला माणूस एक. तो एक म्हणजे मी.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा जळगावात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. त्या खुर्चीत बसून मी आयुष्यभर एकच तत्त्व पाळलं, मूळ कागद हातचा सोडायचा नाही. कोणी काहीही मागो, त्याच्या हातावर झेरॉक्स ठेवायची. वर ‘सत्यप्रत’ असा शिक्का, खाली अधिकाऱ्याची सही. शाळा सोडल्याचा दाखला असो की घराचं खरेदीखत, मूळ प्रत लोखंडी कपाटात. लग्न ठरताना मुलीकडच्यांना माझी पत्रिकासुद्धा मी नकलूनच दिली होती. (माझ्या बायकोचं, सुमनचं म्हणणं असं की तिला नवराही नक्कलच मिळाला.)

त्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत येणारं एक मोठं सहलीचं जहाज तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. (पुढे ते बंद पडलं. त्यात माझा काही हात नाही.) सुमननं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनं हट्ट वगैरे धरला नाही. तिनं फक्त त्या जहाजाची जाहिरात वर्तमानपत्रातून कापून देवघरात ठेवली. रोज हात जोडताना गणपतीच्या शेजारी मला जहाज दिसायचं. आठव्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला.

तिची अट एकच होती. तिचे थोरले भाऊ नाना आणि वहिनी यांनाही बरोबर घ्यायचं, आणि तेही आपले पाहुणे म्हणून. नाना धुळ्याजवळच्या खेड्यातले, कापूस पिकवणारे. पंचवीस वर्षांत त्यांनी मला कशाचे म्हणून पैसे देऊ दिले नव्हते. एसटीचं तिकीट असो की रसवंतीतला उसाचा रस, माझा हात खिशाजवळ पोचायच्या आत नानांचा हात बंडीच्या आतल्या खिशात जाऊन बाहेर आलेला असायचा. त्यांचा हात फार चपळ, आणि माझा जरा सावकाश. (या वाक्याचा दुसरा भागच तेवढा खरा, असं सुमन म्हणते.) तिनं मला समोर बसवून सांगितलं, "आयुष्यात एकदा तरी माझ्या भावाला माझ्या घरचा पाहुणचार मिळू द्या. जहाजावर त्यांचा एक रुपया जरी खर्च झाला, तर मी माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. छाती माझीच होती, त्यामुळे त्याला काही खर्च आला नाही.

तिकिटं तर काढून झाली. प्रश्न होता वरखर्चाचा. जहाजावर पैसे न्यायचे कसे, यावर आमच्या घरी भरीत-भाकरीच्या जेवणावर बैठक बसली. नानांचं मत एका वाक्यात संपलं, नोटा बंडीत घालायच्या आणि वरून बटण लावायचं. मला हे फारच गावठी वाटलं. मी डिमांड ड्राफ्ट सुचवला. हरवला तरी दुसऱ्याला वटवता येत नाही, चोराच्या काही कामाचा नाही. पण दुसऱ्या दिवशी बँकेत फॉर्म भरताना ‘कुठे देय’ या रकान्यापाशी पेन अडलं. अरबी समुद्रात कुठल्याच बँकेची शाखा नव्हती.

बँकेतल्या साहेबांनी मग मला बाजूला घेऊन क्रेडिट कार्डाची माहिती दिली. आधी खर्च करायचा, पैसे महिन्यानं भरायचे. मोठ्या शहरांत म्हणे दुसऱ्याही जातीचं कार्ड येऊ घातलं होतं, त्यात खर्च करताक्षणी आपल्या खात्यातून पैसे वजा होत. ते मला मुळीच पटलं नाही. पैसे लगेचच जाणार असतील तर बंडीनं काय वाईट केलं? महिनाभर उशिरानं पैसे द्यायचे, हे मात्र सरकारी माणसाच्या स्वभावाला धरून होतं. मी क्रेडिट कार्डाच्या अर्जावर सही केली.

कार्ड आलं. चकचकीत, वर माझं नाव उठावाच्या अक्षरांत! सुमननं त्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारचे दोघं पाहून गेले. आता इतकी मोलाची वस्तू खिशात घालून कोणी गर्दीत हिंडेल का? मी कार्ड झेरॉक्सच्या दुकानात नेलं, पुढून आणि मागून अशा तीन प्रती काढल्या, आणि साक्षांकित करायला आमच्या ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. तुम्ही हसू नका. राजपत्रित अधिकारी असून दुपारी जागेवर सापडणारा माणूस तालुक्यात तोच एक होता. त्यांनी एका म्हशीला इंजेक्शन टोचलं, हात पुसले आणि तिन्ही प्रतींवर ठसठशीत गोल शिक्का मारून सही केली. मूळ कार्ड मी खरेदीखताच्या फायलीत ठेवून कपाटाला कुलूप लावलं. त्या दिवशी मला जी शांत झोप लागली तशी पुढे बरेच दिवस लागली नाही.

जहाजावर चढताना टेबलाशी बसलेल्या मुलीनं विचारलं, खर्चाला अनामत रोख भरणार की कार्ड? मी "कार्ड" असं म्हणालो, आणि मागे उभ्या असलेल्या नानांनाच नव्हे तर अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे म्हणालो. तिनं फॉर्म दिला, मी कार्डाचा नंबर वळणदार अक्षरात भरला. मागे गर्दी होती, म्हणून ती म्हणाली, कार्ड शेवटच्या दिवशी काउंटरवर दाखवा. मी मान डोलावली. कचेरीत आम्हीही लोकांना असंच सांगत असू.

पहिल्याच सकाळी नानांना डेकवर शहाळं प्यावंसं वाटलं. मी पोचायच्या आत त्यांचा हात बंडीत गेला. पण शहाळेवाल्या पोऱ्यानं नोट हातात घेतली नाही. जहाजावर रोख चालत नाही, खोलीचा नंबर सांगा आणि कागदावर सही करा, हिशेब शेवटी काउंटरवर, असं तो म्हणाला. नानांनी नोट उलटसुलट करून पाहिली. सरकारी नोट चालत नाही अशी जागा त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"पैसा चालत नई? मंग आठे चालस काय?"

"सही चालते," मी म्हणालो आणि सही ठोकली. पंचवीस वर्षांनी पहिल्यांदाच नानांची नोट परत बंडीत गेली. सुमननं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, लग्न आजच झालं.

मग मी थांबलोच नाही. सह्या करणं हाच माझा धंदा, आणि इथे तर वरिष्ठांच्या मंजुरीचीही गरज नव्हती! वहिनींना कप्तानाची टोपी घालून फोटो काढायचा होता, मी सही केली. फोटोत त्यांचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला, पुन्हा सही. नानांना दुसऱ्या दिवशी शेवभाजीची आठवण आली. शेव वहिनींच्या पिशवीत होतीच. मी खानसाम्याला बोलावून कृती सांगितली. त्यानं टोमॅटोच्या रश्श्यात आमची शेव आणि वर साय घालून आणली. चवीला ती बासुंदीच्या जवळपास होती. नानांनी भिडेखातर खाल्ली आणि मी ‘विशेष पदार्थ’ म्हणून सही केली. आमच्या शेजारच्या टेबलावर बोदवडचं एक जोडपं निघालं, मुलुखातली माणसं म्हणून त्यांच्या आइस्क्रीमवरही सही केली. सुमन डेकच्या कठड्याला धरून तासन्‌तास पाणी पाहायची आणि मधूनच वळून भावाला विचारायची, नाना, काही हवं का? ती इतकी खूश होती की तिच्याकडे पाहून माझं पोट भरायचं. बिल मात्र तरीही वाढत होतं.

शेवटच्या दिवशी, मुंबई यायला दोन-तीन तास असताना, काउंटरवर बोलावणं आलं. कार्डानं पैसे कसे देतात हे नानांना पाहायचं होतं, म्हणून तेही आले. त्यांच्यामागे नवी साडी नेसून सुमन, तिच्यामागे वहिनी. काउंटरवरच्या मॅनेजरनं लाकडी तबकात घालून बिल पुढे ठेवलं. आकडा मी इथे लिहीत नाही, कारण मी काय लिहितो ते सुमन वाचते. मी फाईल उघडली आणि सत्यप्रत तबकात ठेवली.

"कार्ड, साहेब?" मॅनेजर म्हणाला. तो मराठी होता, त्यामुळे मला न समजण्याचीही सोय नव्हती.

"हेच. दोन्ही बाजू आहेत. शिक्का पाहून घ्या."

त्यानं शिक्का पाहिला. मग मोठ्यानं वाचला, "पशुवैद्यकीय अधिकारी?"

"ढोरेस्ना डाक्तर," नानांनी मदत केली.

मी त्याला नियम समजावला. मूळ प्रत घरी सुरक्षित आहे, ती अशी दारोदार न्यायची नसते, उद्या तुमच्याकडून गहाळ झाली तर जबाबदार कोण? मॅनेजर सज्जन होता. त्यानं एक छोटं यंत्र पुढे ओढलं. कार्डावरचे उठावाचे आकडे दाबून यात कागदावर उमटवतात, असं म्हणाला. मी म्हटलं, मग दाबा की. माझ्या समाधानासाठी त्यानं सत्यप्रत यंत्रात घातली आणि दांडा ओढला. कागदाला छान चुण्या पडल्या. मी दुसरी प्रत काढून दिली. तिलाही चुण्या पडल्या. तिसरी काढेपर्यंत मागच्या रांगेत तीसेक माणसं जमली होती, आणि त्यांत बोदवडचं जोडपंही होतं. त्यांनी माझी ओळख दाखवली नाही.

मी प्रतिज्ञापत्र लिहून देतो म्हणालो. आठ दिवसांत मूळ कार्ड दाखवायला येतो म्हणालो. मॅनेजर म्हणाला, पैसे भरल्याशिवाय आपल्याला उतरता येणार नाही, रोख भरलेत तरी चालेल. माझ्या खिशात परतीच्या गाडीभाड्यापुरते पैसे होते. मी सुमनकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. पंचवीस वर्षांत मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आणि नानांचा हात बंडीकडे गेला.

सुमननं त्यांचं मनगट धरलं. "नाना, नको," एवढंच म्हणाली. डोळ्यांत पाणी उभं. वहिनी छताकडे पाहू लागल्या. नानांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे (ते फार थोडा वेळ), आणि हात बंडीतच ठेवून म्हणाले,

"सुमे, औंदा भाऊबीजले माले येवाले जमनं नई. वावरमा कापूस व्हता. तुनी ओवाळनी मनाकडे बाकी शे."

हे खरंच होतं. त्या वर्षी ते आले नव्हते आणि सुमन दोन दिवस रुसली होती. आता मात्र ती एकदम हसली. डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि कंबरेच्या बटव्यातून कुंकवाची डबी काढली. ताट नव्हतं, म्हणून तिनं काउंटरवरचं बिलाचं तबक उचललं. मग मॅनेजरकडे काडेपेटी मागितली. जहाजावर आग पेटवायला सक्त मनाई आहे, असं तो म्हणाला, आणि क्षणभर विचार करून त्यानं खणातून टॉर्च काढून दिला. सुमननं तो लावून तबकात ठेवला. नानांनी टोपी सारखी केली. रांगेतल्या तीस माणसांसमोर, अरबी समुद्राच्या मधोमध, बॅटरीच्या उजेडात भाऊबीज झाली. बोदवडच्या बाईंनी अक्षता म्हणून पिशवीतले मुरमुरे दिले.

नानांनी बंडीचं बटण काढलं आणि नोटांचं पुडकं तबकात टाकलं. ओवाळणी पडली ती थेट बिलावरच. मग मॅनेजरकडे वळून त्यांनी बजावलं, "मी बिल भरेल नई. बहीनले ओवाळनी टाकेल शे. आते ती तिना पैसास्नं काय करस ते ती जाने."

सुमननं तबक मॅनेजरपुढे सरकवलं. ताठ मानेनं. असं ताठ उभं राहून पैसे देताना मी कचेरीतल्या कंत्राटदारांनाही पाहिलेलं नाही. मॅनेजरनं नोटा मोजल्या, उरलेल्या तिच्या हातात परत दिल्या आणि पावतीपुस्तक उघडून अदबीनं विचारलं, पावती कोणाच्या नावानं करू? सुमननं स्वतःचं नाव सांगितलं. तो लिहीत होता ते मला उलटं वाचता येत होतं. खर्च करणार, सौ. सुमन. आणि त्याखाली, त्यांच्याबरोबरचे पाहुणे, तीन.

पाहुणे तीन कसे, असा माझ्यातल्या हेडक्लार्कला प्रश्न पडला. नाना एक, वहिनी दोन. चूक दुरुस्त करून घ्यावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुमननं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्या पाहुण्यानं मुकाट्यानं चौघांच्या बॅगा उचलल्या.