सूर्यभानचा कान

मी घोडेगावच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हाची ही पंचेचाळीस सालची गोष्ट. मला बैलांच्या गळ्यातल्या जुन्या घंटा जमवायचा नाद. बायको म्हणे, "दावणीला बैल एक नाही, घंटा मात्र साठ!" बाजाराच्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी असे. ती संपेपर्यंत मी तांब्यापितळेची जुनी मोड विकणाऱ्याच्या पालापुढे उकिडवा बसलेला.

तिथेच सूर्यभान भेटला. एकाच घंटेवर दोघांचा हात पडला आणि दोघांनीही ती सोडली नाही. पाथर्डीकडचा गडी. व्यापाऱ्यांचे बैल हाकत बाजाराला आणायचं त्याचं काम. अंगावरची बंडी ठिगळाची, पण घरी खुंटीखुंटीला घंटा. मी घंटेवरची नक्षी न्याहाळायचो, तो डोळे मिटून वाजवायचा. "मास्तर, तुमी घंटा बघता, मी ऐकतो," म्हणायचा. मला राग यायचा, कारण खरंच होतं ते. तरी बाजाराचा दिवस उजाडला की मी त्याचीच वाट बघायचो.

श्रावणात मोडीत एक काठ उडालेली घंटा आली. सूर्यभाननं ती एकदाच वाजवली. "लई ग्वाड हाय," म्हणाला आणि माझं हपापलेलं तोंड बघून मलाच देऊन टाकली. आत टोला द्यायला बाभळीच्या लाकडाचा झिजका लोळा होता. मी पडलो शहाणा! तो काढून बंबात घातला आणि लोहाराकडून झकास लोखंडी लोळा बसवून घेतला.

महिन्यानं बाजारात गलका झाला. बायडाबाई नावाची विधवा एका व्यापाऱ्याच्या बैलाला मिठी मारून रडत होती. आषाढात चोरीला गेलेला तिचा एकुलता बैल. पण आता शिंगं तासलेली, अंगावर नवे डाग दिलेले. "गोंजारलं तर कुठलाबी बैल मान देतो," व्यापारी म्हणाला. जाणत्या माणसांनी तिला खूण विचारली.

"काठ उडालेली घंटा हुती गळ्यात. तिचा आवाज आला की कुटं बी असू द्या, माजा हौश्या येतोच."

तसली घंटा तर माझ्याच घरी होती! पळत घरी गेलो, घंटा आणून सूर्यभानच्या हातात दिली. लोकांनी बाईला दूर उभं केलं, बैलाचं दावं सोडलं. सूर्यभाननं घंटा वाजवली. बैल आपला रवंथ करत उभा. व्यापारी हसला, बायडाबाई मटकन खाली बसली.

सूर्यभाननं घंटेत बोट घातलं.

"लाकूड कुटंय, मास्तर?"

"बंबात," मी म्हणालो. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

त्यानं कमरेचा कोयता उपसला. बाभळीची वाळकी फांदी तोडली, तासली, लोखंडी लोळा सोडवून माझ्या हातावर ठेवला आणि त्या जागी लाकूड बांधून घंटा वाजवली. "न्हाई." पुन्हा तासली. "न्हाई." लोक पांगू लागले, व्यापाऱ्यानं दाव्याला हात घातला. महिन्यापूर्वी एकदाच ऐकलेला आवाज हा माणूस त्या लाकडातून काढू बघत होता! चौथ्यांदा घंटा वाजली आणि बैलाचे कान ताठ झाले. तो वळला, दावं धरलेल्या व्यापाऱ्याला ओढत, माणसांना ढुसण्या देत थेट आला आणि सूर्यभानच्या हातातल्या घंटेखाली मान घालून उभा राहिला.

व्यापाऱ्यानं दावं टाकलं. सूर्यभाननं घंटा हौश्याच्या गळ्यात बांधली आणि दावं बायडाबाईच्या हातात दिलं. घंटा माझी होती, पण त्यानं मला विचारलं नाही. मी हो म्हणेन हे तो धरूनच चालला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

सूर्यभान आता नाही. माझ्याकडच्या घंटा शंभरावर गेल्या आहेत. पण पाहुणा आला की मी त्याला आधी घंटा दाखवत नाही. फडताळातला तो लोखंडी लोळा काढून त्याच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "बसा, माझ्या दोस्ताची गोष्ट सांगतो."